पंच, मुकादम आणि चिटणीस : कापडगिरण्यांतील तंटे मिटविण्याच्या तीन रीती

१

कारखान्यातील तंटे मिटविण्याच्या रीती समाजपरत्वे भिन्न असतात, हे विधान आता सर्वमान्य झाले आहे. व्यवस्थापनशास्त्राच्या ग्रंथांतून ते कोष्टकांच्या रूपाने मांडले जाते. अमुक देशातील व्यवस्थापक प्रतिपक्षाशी समोरासमोर वाद घालतो, तमुक देशातील मध्यस्थाकरवी बोलतो. एकाला लेखी करार हवा असतो, दुसऱ्याला दिलेल्या शब्दाची चाड असते. गेर्ट होफस्टेड यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आयबीएम ह्या कंपनीच्या निरनिराळ्या देशांतील नोकरांनी भरलेल्या प्रश्नावल्यांवरून राष्ट्राराष्ट्रांतील असे भेद अंकांत मांडले, आणि तेव्हापासून ‘राष्ट्र’ हाच संस्कृतीचा घटक मानून चालण्याची प्रथा पडली.

ह्या प्रथेला इतिहासाच्या बाजूने एक अडचण आहे. मुंबई आणि अहमदाबाद ही दोन शहरे १९६० पर्यंत एकाच प्रांतात होती. दोहोंचा मुख्य धंदा कापडाचा होता, यंत्रे बहुतांशी लँकेशायरचीच होती, आणि कायदाही एकच होता. दोन्हीकडील मालकवर्गात गुजराती भाषिकांचा भरणा मोठा होता. असे असूनही तंटा उद्भवल्यावर काय करावयाचे ह्याविषयी ह्या दोन शहरांची रीत इतकी भिन्न होती, की एका शहरातील अनुभवावर बेतलेला कायदा दुसऱ्या शहरात लावला गेला तेव्हा त्याचे फळ विपरीत आले. हा भेद ‘राष्ट्रीय स्वभावा’ने उलगडत नाही. ‘मराठी माणूस भांडखोर, गुजराती माणूस समंजस’ ह्या लोकप्रिय स्पष्टीकरणानेही तो उलगडत नाही. कारण स्वभाव हे कारण मानले तर लँकेशायरहून मुंबईस आलेल्या इंग्रज मास्तरांचे वर्तन अगदीच अनाकलनीय ठरते.

प्रस्तुत लेखात लँकेशायर, मुंबई व अहमदाबाद ह्या तीन ठिकाणच्या रीती शेजारी शेजारी ठेवून पाहावयाच्या आहेत. लेखक भाषाभ्यासक असल्यामुळे तंट्याच्या शब्दांकडे त्याचे लक्ष अधिक आहे. परंतु शब्द ही येथे केवळ शोभा नव्हे. तंट्यात दोन पक्षांच्या मध्ये कोण उभा राहतो, त्याला काय नाव आहे, आणि ते नाव कोणी दिले, ह्या तीन प्रश्नांतच ह्या भेदाचे मूळ आहे, असे दाखविण्याचा हेतू आहे.

२

प्रथम लँकेशायर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथील तंटे अत्यंत कडवट असत. १८५३-५४ मधील प्रेस्टन गावचा दीर्घ संघर्ष प्रसिद्धच आहे. तथापि पुढील चार दशकांत तेथे एक निराळीच व्यवस्था उभी राहिली. तिचा पाया म्हणजे दरपत्रके. अमुक जातीच्या यंत्रावर, अमुक नंबरच्या सुताला, इतक्या चात्यांमागे किती मजुरी, हे गावोगावच्या छापील पत्रकांत ठरलेले असे. ओल्डम व बोल्टन येथील पत्रके त्यांत विशेष मान्यता पावलेली होती. विणकरांसाठी १८९२ मध्ये एकच सामाईक पत्रक झाले.

ही पत्रके इतकी गुंतागुंतीची होती, की ती वाचण्यासाठी व हिशेब करण्यासाठी खास माणूस लागे. हा माणूस म्हणजे कामगारसंघाचा चिटणीस. सिडनी व बिअॅट्रिस वेब यांनी १८९७ च्या आपल्या ‘इंडस्ट्रियल डेमॉक्रसी’ ह्या ग्रंथात नमूद केले आहे, की सूतकामगारांच्या संघांत चिटणीस निवडताना उमेदवारांची लेखी परीक्षा घेतली जाई आणि तीत गणिताला मोठे महत्त्व असे. वक्तृत्वाने सभा जिंकणारा पुढारी येथे नको होता. हवा होता तो त्रैराशिक चोख करणारा कारकून. मालकांच्या संघालाही असाच चिटणीस असे. वीस आठवड्यांच्या टाळेबंदीनंतर मार्च १८९३ मध्ये झालेल्या ब्रुकलँड्सच्या कराराने ही पद्धत लेखी स्वरूपात आणली. तक्रार आल्यास प्रथम दोन्ही बाजूंच्या स्थानिक चिटणिसांनी सात दिवसांच्या आत तिचा तपास करावा, तेवढ्याने न मिटल्यास ती वरच्या संयुक्त समितीकडे जावी, आणि हे सर्व होईपर्यंत काम थांबू नये, अशी तिची रचना होती.

ह्या व्यवस्थेला आदर्श मानण्याचे कारण नाही. निकृष्ट कापसामुळे सूत वारंवार तुटते आणि मजुरी बुडते, ही तक्रार समित्यांच्या पायऱ्या चढता चढता शिळी होई. त्या असंतोषातूनच १९१३ मध्ये सूतकामगार करारातून बाहेर पडले. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट इतकीच, की येथे मधला माणूस दोन होता. प्रत्येक पक्षाने आपला नेमलेला, आपल्याला जबाबदार असलेला, आणि दोघांचीही भाषा एकच : दरपत्रकाची.

३

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन केली. ह्या गिरणीमागोमाग उभ्या राहिलेल्या गिरण्यांत यंत्रांबरोबर लँकेशायरचे मास्तर, फिटर व मॅनेजर आले. पुढे पारशी व इतर एतद्देशीय तंत्रज्ञांनी त्यांची जागा बरीचशी घेतली. यंत्रे आली, यंत्रांच्या सुट्या भागांची नावे आली, खात्यांची रचना आली. आले नाही ते दरपत्रक, आणि आला नाही तो चिटणीस. ओल्डममध्ये कामगारसंघाच्या चिटणिसाशी टेबलावर बसून हिशेब करणाऱ्या परंपरेत वाढलेला मास्तर येथे येताच कामगाराशी बोलेनासाच झाला. त्याचा स्वभाव जहाजात बदलला नव्हता. येथे त्याच्यासमोर बोलण्यासाठी उभा होता तो निराळा माणूस होता. त्याचे नाव जॉबर, म्हणजेच मुकादम.

‘मुकादम’ हा शब्द मूळ अरबी. पुढे ठेवलेला, अग्रभागी असलेला, हा त्याचा अर्थ. गावगाड्यात पाटलालाही मुकादम म्हणत. गिरणीतील मुकादम भरती करी, बदली कामगारांतून आज कोणाला साच्यावर उभे करावयाचे ते ठरवी, खाडा झाल्यास दंड सांगे, रजा मिळवून देई, आणि ह्या सर्वांबद्दल दस्तुरी घेई. गिरणगावात त्याचा अंमल गिरणीच्या दरवाजापाशी संपत नसे. खोली मिळवून देणे, वाण्याकडे जामीन राहणे, अडीअडचणीला कर्ज देणे, हीही त्याचीच कामे असत. स्त्रियांच्या खात्यात हेच काम नाईकीण करी. कामगार रत्नागिरीचा किंवा साताऱ्याचा असे, विणकरांत उत्तर हिंदुस्थानातील मुसलमान कारागीरही असत. मालकाच्या पेढीची भाषा गुजराती, आणि गिरणीच्या दप्तराची इंग्रजी. ह्या भाषांच्या मधल्या दरीवर मुकादम हा एकच साकव होता.

साकवावरून जाणारे सारे त्याच्या इच्छेने जाई, हे ओघानेच आले. मॅनेजरचा हुकूम कामगाराला कळे तो मुकादमाच्या शब्दांत, आणि कामगाराची तक्रार मॅनेजरला कळे तीही त्याच्याच शब्दांत. मुकादम खूष असेल तर तक्रार वर जातच नसे. तो नाखूष झाला तर त्याच्यामागे सबंध खाते बाहेर पडे. संप मोडणारा आणि संप घडविणारा हे दोघे एकच असू शकत होते, ही मुंबईची विशेष गोष्ट. त्याला कामगारांनी निवडलेले नव्हते, म्हणून तो त्यांचा प्रतिनिधी नव्हता. आणि त्याची खरी पत कामगारांच्या पाठबळावर असल्यामुळे तो निखळ मालकाचा माणूसही नव्हता.

मुकादमाला वळसा घालून मालकांशी बोलण्याचा पहिला मोठा प्रयत्न नारायण मेघाजी लोखंडे यांनी केला. १८८४ मध्ये सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा जो अर्ज त्यांनी तयार केला, त्यात आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातग्रस्तांना भरपाई ह्या मागण्या होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्रियांनीही भाषणे केली. त्या वर्षीच्या जून महिन्यात गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. हा मोठाच विजय होता. परंतु त्याचे भाषिक रूप पाहण्यासारखे आहे. कामगारांनी केला तो ‘अर्ज’, आणि मालकांनी दिली ती ‘सवलत’. अर्ज खालून वर जातो, सवलत वरून खाली येते. दोन समान पक्षांमधील ‘करार’ हा शब्द अद्याप ह्या व्यवहारात आलेला नव्हता.

तो यावयास १९२८ साल उजाडले. त्या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. संयुक्त संपसमितीत ना. म. जोशी, श्री. अ. डांगे यांच्यासारख्या पुढाऱ्यांबरोबर अर्जुन आत्माराम आळवे हे गिरणीत काम केलेले गृहस्थही होते. समितीने सतरा ‘मागण्या’ मांडल्या. अर्ज केला नाही. संप मिटल्यावर न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे दरांच्या प्रमाणीकरणाची योजना व गिरणीचे स्थायी नियम कलमवार चर्चिले गेले. लँकेशायरमध्ये अर्धशतकापूर्वी जे दरपत्रक आले होते, ते मुंबईत प्रथम येथे गंभीरपणे विचारात घेतले गेले. त्याच सुमारास गिरणी कामगार युनियनने गिरणीगिरणीतून निवडलेल्या समित्या स्थापन केल्या, आणि त्या समित्यांचे सभासद खात्यातील तक्रार घेऊन थेट मॅनेजरकडे जाऊ लागले.

मॅनेजरांना हे असह्य झाले. कामगाराने नेमलेला माणूस समोर उभा राहून मालकाच्या माणसाशी हक्काने बोलतो, ही घटनाच त्यांना शिस्तभंगासारखी वाटली. १९२९ मध्ये पुन्हा सार्वत्रिक संप झाला, तो फसला, आणि त्याबरोबर ह्या समित्याही मोडल्या. मुंबईला स्वतःचा ‘चिटणीस’ मिळण्याची जी एक संधी आली होती, ती अशा रीतीने वर्षभरातच गेली.

४

अहमदाबादची पहिली गिरणी रणछोडलाल छोटालाल यांनी काढली. ती १८६१ मध्ये चालू झाली. येथे परदेशी भांडवल व परदेशी पेढ्या फारशा नव्हत्या. गिरणीमालक बहुधा त्याच शहरातील जैन व वैष्णव व्यापारी कुटुंबांतील होते, आणि ह्या कुटुंबांना महाजनांची जुनी परंपरा होती. धंद्याधंद्याचे महाजन भाव ठरवीत, सुट्ट्या ठरवीत, आपापसांतील तंटे निकालात काढीत, आणि न जुमानणाऱ्याला वाळीत टाकीत. कारागिरांच्या अशाच संस्थांना पंच म्हणत. नगरशेटाने सांगितल्यावर बाजार बंद होई. मालक व मजूर यांच्या संपत्तीत जमीन-अस्मानाचा फरक असला, तरी तंटा मिटविण्याचे शब्द दोघांचे एकच होते.

१९१८ चा प्रसिद्ध तंटा ह्या पार्श्वभूमीवर समजून घेतला पाहिजे. १९१७ मधील प्लेगच्या साथीत कामगारांनी शहर सोडून जाऊ नये म्हणून मालकांनी मोठा ‘प्लेग बोनस’ दिला होता. साथ ओसरल्यावर तो काढून घेण्याचे ठरले. महागाई मात्र ओसरली नव्हती. मालक २० टक्के वाढ देऊ म्हणत होते, कामगार ५० टक्के मागत होते. गांधीजींनी हिशेब करून ३५ टक्के ही मागणी योग्य ठरविली. प्रथम उभय पक्षांचे पंच नेमले गेले होते. परंतु ती व्यवस्था मोडली आणि २२ फेब्रुवारी रोजी टाळेबंदी सुरू झाली. साबरमतीच्या काठी बाभळीखाली रोज सभा भरे, रोज एक पत्रिका निघे, आणि ‘एक टेक’ ही कामगारांची घोषणा होती. मजुरांच्या बाजूला उभ्या असलेल्या अनसूयाबेन आणि मालकांचे अग्रणी अंबालाल साराभाई हे सख्खे बहीण-भाऊ होते. १५ मार्च रोजी गांधीजींनी उपोषण आरंभिले आणि १८ मार्च रोजी तडजोड झाली.

ह्या तडजोडीची घडण बारकाईने पाहण्याजोगी आहे. कामगारांनी ३५ टक्क्यांवाचून कामावर न जाण्याची प्रतिज्ञा केली होती; मालकांनी २० टक्क्यांपुढे न जाण्याची. म्हणून ठरले ते असे : पहिल्या दिवशी ३५ टक्के द्यावे, म्हणजे मजुरांची टेक राहिली, दुसऱ्या दिवशी २० टक्के द्यावे, म्हणजे मालकांची राहिली, तिसऱ्या दिवसापासून निवाडा होईपर्यंत दोहोंचा मध्य, साडेसत्तावीस टक्के, द्यावा. निवाड्यासाठी प्राध्यापक आनंदशंकर ध्रुव यांना पंच नेमण्यात आले, आणि त्यांनी पुढे ३५ टक्केच ठरविले. अंकगणिताच्या दृष्टीने पहिल्या दोन दिवसांना काहीच अर्थ नव्हता. तेथे मोल दिले गेले ते शब्दाला. दिलेला शब्द खाली पडू न देता माघार कशी घ्यावी, हे कसब दोन्ही पक्षांना परिचित होते. महादेवभाई देसाई यांनी ह्या लढ्याचा वृत्तान्त गुजरातीत लिहिला, त्याला ‘एक धर्मयुद्ध’ असे नाव दिले, ते ह्याच अर्थाने. उपोषणामुळे मालकांवर जो दाब आला तो न्याय्य होता काय, हा प्रश्न स्वतः गांधीजींना सलत होता, हेही येथे नमूद केले पाहिजे.

१९२० मध्ये मजूर महाजन संघ स्थापन झाला आणि कायमचा पंच नेमला गेला : मजुरांतर्फे गांधीजी, मालकांतर्फे मंगलदास गिरधरदास. दोघांत मतभेद झाल्यास सरपंच नेमावा, अशी व्यवस्था होती. पुढे १९३६-३७ मध्ये मजुरीकपातीच्या प्रश्नावर सरपंच म्हणून सर गोविंदराव मडगावकर यांची निवड झाली. दैनंदिन तक्रारींची रीतही ठरून गेली. कामगाराने संघाच्या कचेरीत फिर्याद नोंदवावी, संघाच्या माणसाने गिरणीत जाऊन मॅनेजरला भेटावे, तेथे न मिटल्यास प्रश्न मालकांच्या मंडळाकडे न्यावा, आणि शेवटी पंचाकडे. ब्रुकलँड्सच्या कराराशी ह्या पायऱ्यांचे साम्य सहज ध्यानात येईल. फरक असा, की तेथे सर्वांत वर संयुक्त समिती होती, येथे सर्वांना पूज्य असलेली व्यक्ती.

ह्या व्यवस्थेच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. १९२३ मध्ये मजुरीकपातीवरून मोठा संप झाला आणि पंचाची व्यवस्था तो टाळू शकली नाही. सूतखात्यातील दलित कामगारांचा संघ बलवान होता. मुसलमान विणकरांचा मोठा वर्ग मात्र दूर राहिला. सर्व शहराचे म्हणून जे महाजन होते, ते सर्वांचे नव्हते.

५

आता शब्दांकडे वळू. ‘महाजन’ हा शब्द मराठीतही जुनाच आहे. परंतु पेशवाईतील कागदपत्रांत ‘शेटे-महाजन’ हे पेठेचे वतनदार आहेत. बाजारात त्यांचे हक्क आणि मानपान आहेत. म्हणजे मराठीत महाजन ही व्यक्ती आहे आणि तिचे अधिकार वतनाचे आहेत; गुजरातीत महाजन ही संस्था आहे आणि तिचे अधिकार सभासदांच्या एकवाक्यतेचे आहेत. ‘मजूर महाजन’ हे नाव गुजराती कानाला लागलीच कळले. मुंबईच्या गिरणगावात ते नाव कोणी घेतले असते, तर ते परभाषेतील वाटले असते.

‘संप’ ह्या शब्दाची कथा अधिक उद्बोधक आहे. गुजरातीत ‘संप’ म्हणजे एकोपा; ‘संप त्यां जंप’, म्हणजे जेथे एकी तेथे शांती, अशी त्या भाषेत म्हण आहे. काम बंद करण्याला गुजराती ‘हडताळ’ म्हणतो. मराठीतही एकमेळ करणे, जूट करणे हा ‘संप’ शब्दाचा जुना अर्थ होता. परंतु अर्थसंकोच होत होत आज त्याचा अर्थ केवळ काम बंद करणे एवढाच उरला आहे. ह्या अर्थसंकोचात एक सामाजिक अनुभव साठलेला आहे. मुंबईच्या कामगाराला एकी दाखविण्याचा मार्ग जवळजवळ एकच उरला होता, तो म्हणजे साचा बंद करून बाहेर पडणे. एकीचे दुसरे दृश्य रूपच नसल्यामुळे एकीचा शब्द बंदचा शब्द झाला, असे अनुमान करण्यास हरकत नसावी.

येथे कोणी म्हणेल, की मग महाराष्ट्राला पंचाची परंपराच नव्हती काय? ती होती, आणि अहमदाबादेपेक्षा उणी नव्हती. गोतसभेत पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि परगण्याचे वतनदार बसत. निर्णयाचा महजर होई. त्यावर पाटील नांगराची आणि सुतार-लोहार आपापल्या हत्यारांची निशाणी करीत. वाद सुरू होण्यापूर्वी दोन्ही पक्ष ‘राजीनामा’ लिहून देत. म्हणजे पंच जे ठरवतील त्याला आम्ही राजी आहो. हरलेल्याने द्यावयाचा तो ‘येजितखत’. पेशवाई गेल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांना पंचायती टिकवाव्यात असे वाटत होते. परंतु १८२७ च्या कायदेसंहितेनंतर दिवाणी न्यायालये प्रबळ झाली. ‘राजीनामा’ हा शब्द मग जमीन सोडून देण्याच्या कागदाला लागू झाला, आणि पुढे नोकरी सोडण्याच्या. निवाड्याला संमती देणे हा अर्थ हिंदीच्या कचेरीभाषेत राहिला, मराठीतून नाहीसा झाला. जो शब्द ‘आम्ही येथेच राहून निर्णय मानू’ असे सांगत होता, तोच आता ‘आम्ही जातो’ असे सांगतो.

म्हणजे परंपरा होती. ती गिरणीत मात्र आली नाही. कोकणातल्या गावकऱ्यांनी मुंबईत गावमंडळे स्थापन केली, सामाईक खोल्या घेतल्या, आपापसांतील भांडणे तेथे बसून मिटविली. गावची पंचायत चाळीपर्यंत आली आणि गिरणीच्या दरवाजाबाहेर थांबली. कारण गिरणीमालक त्या गोतातला नव्हता. गोताच्या निवाड्यामागे बळ असते ते एकमेकांवाचून न निभण्याचे. अहमदाबादेत मालकाला त्याच शहरात, त्याच लोकांत तोंड दाखवावे लागे. मुंबईच्या मालकाला गिरणगावात तोंड दाखविण्याचे कारण नव्हते. त्याच्यासाठी मुकादम तेथे होता.

ही गोष्ट सरकारच्या ध्यानात आलीच नाही असे नव्हे. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर आयोगाने १९३१ च्या अहवालात मुकादमाच्या हातून भरती व बडतर्फी काढून घेऊन मजूर-अधिकारी नेमण्याची शिफारस केली, आणि ह्या अधिकाऱ्याच्या अंगी जे गुण असावेत म्हणून सांगितले, त्यांत भाषांची जाण हा एक होता. १९३४ च्या कायद्याने मुंबईत सरकारी मजूर-अधिकारी आला. १९३५ मध्ये बदली कामगारांच्या नोंदणीची योजना आली. दोन्ही उपाय योग्य दिशेचे होते. परंतु मजूर-अधिकारी सरकारने नेमलेला होता. मुकादमाच्या जागी दुसरा मधला माणूस आला, आणि त्यालाही कामगारांनी निवडले नव्हते.

६

ह्यापुढील प्रकरण म्हणजे कायद्याचे. अहमदाबादच्या मजूर महाजनाचे चिटणीस गुलझारीलाल नंदा हे १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या काँग्रेस मंत्रिमंडळात संसदीय चिटणीस झाले आणि मजूरखाते त्यांच्याकडे आले. १९३८ चा औद्योगिक कलह कायदा त्या काळातला. तंटा प्रथम सक्तीने समेटासाठी न्यावा आणि तोवर संप करू नये, हे त्याचे सूत्र. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला. संप हा गुन्हा ठरविणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबविणे होय, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष व इतर कामगार संघटना यांनी एक दिवसाचा निषेध-संप केला.

नंदा मजूरमंत्री असताना १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा झाला. त्यान्वये एका गावातील एका धंद्यात एकच ‘प्रातिनिधिक संघ’ असावा आणि मालकांशी वाटाघाट करण्याचा अधिकार त्यालाच असावा, असे ठरले. हे स्थान मिळे ते कामगारांच्या गुप्त मतदानाने नव्हे, निबंधकाच्या दप्तरातील सभासदसंख्येवरून. अहमदाबादेत असा एक संघ अगोदरच अस्तित्वात होता; कायद्याने त्याला फक्त मान्यता दिली. मुंबईत तसा सर्वमान्य संघ नव्हता. तेथे कायद्याने तो निर्माण केला. राष्ट्रीय मिल मजदूर संघाला हे स्थान मिळाले. १९५० मध्ये बोनसच्या प्रश्नावर समाजवाद्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे दोन महिने जो संप झाला, त्यात ह्या अधिकृत संघाला बाजूला सारून कामगार दुसऱ्यांच्या मागे गेले. तीच गोष्ट बत्तीस वर्षांनी अधिक भीषण रूपात घडली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांच्या मागण्यांत पगाराबरोबर हा कायदा रद्द करावा, ही मागणीही होती. मालक म्हणाले, आम्ही कायद्याने फक्त प्रातिनिधिक संघाशीच बोलू शकतो. आणि कामगारांच्या दृष्टीने त्या संघाकडे त्यांचे प्रतिनिधित्व नव्हते. ज्याच्याशी बोलावयाचे त्याच्यामागे माणसे नाहीत, आणि ज्याच्यामागे माणसे आहेत त्याच्याशी बोलावयाचे नाही, अशा कोंडीत तो संप अडकला. तो रीतसर मिटला असे कधी झालेच नाही. असंख्य कामगार देशोधडीस लागले आणि पुढील काळात गिरण्यांच्या जागी मनोरे उठले.

ह्या नाशाचे कारण केवळ एक कायदा, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. यंत्रमागांची स्पर्धा, जुनी यंत्रे, गिरण्यांच्या जमिनींचे चढलेले भाव, ही कारणे प्रबळ होती. आणि अहमदाबादच्या गिरण्यादेखील १९८० नंतर एकामागून एक बंद पडल्याच. पंचाची परंपरा त्यांना वाचवू शकली नाही. मजूर महाजनाच्या महिला विभागातून १९७२ मध्ये इला भट्ट यांनी उभी केलेली ‘सेवा’ ही संस्था १९८१ मध्ये मातृसंस्थेपासून विभक्त झाली. गिरणीबाहेर राबणाऱ्या स्त्रियांचा आवाज जुन्या चौकटीत मावत नव्हता, ह्याचीच ती खूण होती. तथापि धंदा बुडत असतानाही मालक व कामगार यांनी एकमेकांशी बोलावे कसे, हा प्रश्न उरतोच. आणि त्या प्रश्नाचे उत्तर मुंबईत कायद्याने बंद करून टाकले होते.

७

ह्या विवेचनातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा. व्यवस्थापकांच्या वर्तनातील सांस्कृतिक भेद खरे असतात. परंतु ते राष्ट्राच्या वा जातीच्या स्वभावात साठविलेले नसतात. ते मधल्या माणसात असतात. लँकेशायरचा चिटणीस प्रत्येक पक्षाने आपला नेमला होता. अहमदाबादचा पंच दोघांनी मिळून मानला होता. मुंबईचा मुकादम मालकाने ठेवला होता, त्यानंतरचा मजूर-अधिकारी सरकारने, आणि त्यानंतरचा प्रातिनिधिक संघ कायद्याने. दीडशे वर्षांच्या गिरणी-इतिहासात मुंबईच्या कामगाराने आपला मधला माणूस स्वतः निवडला आणि मॅनेजरला त्याच्याशी बोलावे लागले, असे क्षण फारच थोडे. १९२८-२९ मधील गिरणी-समित्या हा त्यांतला ठळक.

म्हणून एका समाजातील ‘यशस्वी’ रीत दुसरीकडे नेताना तिचे नाव व नियम नेले म्हणजे काम भागले, असे मानू नये. नियमामागे कोणाची संमती होती, हे पाहिले पाहिजे. संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत वाटाघाटीसाठी मान्यता द्यावयाच्या संघाला हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांच्या पाठिंब्याची अट आहे. ती अट कागदावर कशी मोजली जाते ह्यापेक्षा ती कामगाराच्या तोंडून कशी वदवून घेतली जाते, ह्यावर तिचे भवितव्य अवलंबून राहील. आपल्या भाषेत ‘राजीनामा’ ह्या शब्दाला एके काळी संमतीचा अर्थ होता. पंच कोणीही असो, तो बसण्यापूर्वी दोन्ही पक्षांकडून तसा राजीनामा लिहून घेण्याची जुनी रीत अधिक शहाणपणाची होती, एवढे तरी ह्या इतिहासावरून म्हणता येईल.